उजवा दोर

तांबेखिंडीच्या पेठेत नवखा माणूस शिरला की त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटतं, आणि काय चुकतंय ते कळायला जरा वेळ लागतो. इथे एकाही दुकानाची पाटी रस्त्यावर डोकावत नाही. कापडवाला असो, औषधवाला असो की मोबाइलवाला, सगळ्यांच्या पाट्या भिंतीला पाठ लावून, वळचणीच्या आत, शहाण्या मुलांसारख्या बसलेल्या. रस्त्यावर कमान नाही, तारेवर लोंबणारं कापड नाही, दिव्यांची लुकलुक नाही. खिंडीपासून देवळापर्यंत मान वर केली की नुसतं आभाळ दिसतं.

पाहुण्याला वाटतं, इथली नगरपालिका फार कडक असणार. हे ऐकलं की घड्याळं दुरुस्त करणारे पतंगेकाका डोळ्यावरचं भिंग काढून हसतात. तांबेखिंडीची नगरपालिका कशाकशात कडक आहे ते गावातल्या गटारांना विचारावं. पण पाटीच्या बाबतीत मात्र इथे कुणी कुणाला नोटीस देत नाही आणि कुणी कुणाशी वाद घालत नाही. त्यामागे एक हकीकत आहे. काका ती सांगतात तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवून सांगतात.

संस्थानी अंमल होता तेव्हाची गोष्ट, असं सांगतात. गावात नगरपालिका नवी नवी आली होती आणि तिचे पहिले अध्यक्ष होते रावजीशेट करडे. जातीचे तांबट. हाताला असा गुण की त्यांनी ठोकलेल्या हंड्याला पोचा पडत नसे म्हणे. माणूस सरळ, पण एका गोष्टीचा मोठा अभिमान. दुकानाच्या दर्शनी भागावर त्यांनी लोखंडाचा जाड दांडा रस्त्यावर काढला होता आणि त्याच्या टोकाला, साखळीने, तांब्याचं भलंमोठं घंगाळ टांगलं होतं. वाचता येणारी माणसं त्या काळी थोडी. दुकान कशाचं ते वस्तूच सांगायची. रावजीशेटनी ते घंगाळ स्वतः घडवलं होतं. दुपारच्या उन्हात ते असं झळकायचं की खिंड उतरणाऱ्या बैलगाडीवाल्याला पेठ दिसायच्या आधी ते दिसायचं.

झालं! अध्यक्षांचं घंगाळ बाहेर आलं म्हटल्यावर बाकीचे कसे मागे राहतील? शिंप्याने पुरुषभर उंचीची लाकडी कात्री बाहेर काढली. चांभाराने नांगराएवढी वहाण टांगली. कापडवाल्याने मुंबईहून रंगवून आणलेला पत्र्याचा फलक खांबांवर चढवला. शेजाऱ्याची पाटी आपली झाकते म्हणून जो तो आपली हातभर पुढे ढकलायचा. वर्षा-दोन वर्षांत पेठेची अशी कोंडी झाली की दोन्ही बाजूंच्या पाट्या एकमेकींच्या तोंडाशी आल्या.

माणसांची यात अडचण नव्हती. अडचण होती खिंडजाईची.

चैत्रात खिंडजाईची यात्रा भरते. त्या दिवशी देवीची काठी खिंडीतल्या तिच्या मूळ ठाण्यावरून निघते आणि पेठेतून देवळात जाते. काठी म्हणजे दोन मजली घरापेक्षा उंच बांबू, शेंड्याला तांब्याचा कळस आणि भगवं निशाण. एकच माणूस ती पेलतो. कमरेच्या चामडी पट्ट्याला खोबण असते, तिच्यात काठीचं बूड बसवायचं, दोन्ही हातांनी बांबू धरायचा आणि नजर कळसावर ठेवून चालायचं. नजर खाली आणली की तोल गेलाच. म्हणून शेंड्याला चार दोर बांधलेले असतात आणि चार बाजूंना दोरकरी ते ताणून धरतात. दोरकरी जितके लांब उभे राहतील तितकी काठी भक्कम. खिंडीपासून देवळात काठी रोवायच्या दगडी उखळापर्यंत काठी जमिनीला टेकायची नाही, आडवी करायची नाही. वाटेवर नवसाच्या बायका ओल्या मातीत पालथ्या पडतात आणि काठीवाला त्यांना ओलांडून जातो. तो ओलांडून जाईपर्यंत त्यांनी उठायचं नाही.

आदल्या वर्षी एक दोर कापडवाल्याच्या फलकात अडकला होता. काठी सावरली, पण फलक फाटला आणि भांडण नगरपालिकेत आलं. रावजीशेटनी हुकूम काढला की सगळ्यांनी आपापल्या पाट्या वळचणीच्या आत घ्याव्यात. हुकूम रास्त होता. दुसऱ्या दिवशी पेठ त्यांच्या ओट्यावर हजर. कुणी रागावलं नाही, कुणी आवाज चढवला नाही. कापडवाला फक्त वर बघून एवढंच म्हणाला, "शेट, घेतो की आम्ही आत. आधी तुमचं घंगाळ उतरू द्या."

रावजीशेटना काही घंगाळ उतरवायचा धीर झाला नाही. आज उतरवू, उद्या उतरवू करत पाडवा झाला, यात्रा आठवड्यावर आली आणि मग नगरपालिकेची सभा भरली. त्या सभेत रावजीशेटनी तोड काढली. ती ऐकून अजूनही गावाची मान खाली जाते. पाट्या आहेत तिथेच राहू द्याव्यात, त्याऐवजी देवीचे दोर आखूड करावेत. काठी ती केवढी, मनगटाएवढी जाड. दोरकरी जवळून चालले म्हणजे मधल्या फटीतून सहज निघून जाईल. सगळ्यांनी माना डोलावल्या. दोरकऱ्यांतले दोघे त्या सभेत सभासद होते. त्यांचीही दुकानं पेठेत, त्यांच्याही पाट्या बाहेर; तेही मूग गिळून बसले. देवळाचा गुरव तेवढा म्हणाला, देवीचा दोर मी कापू देणार नाही. तेव्हा ठरलं की कापायचा नाही, जास्तीचा दोर हाताला गुंडाळून धरायचा.

घरी बायकोने, गोदूबाईने, जेवायला वाढताना विचारलं, "आईचा दोर आखूड करायचा आन आपलं घंगाळ ठेवायचं, व्हय?"

"तुला त्यातलं काय कळतंय?" असं म्हणून रावजीशेटनी ताटाकडे बघितलं. पण घास काही गोड लागला नाही.

गोदूबाईला विचारायचा हक्क होता. त्या वर्षी काठी पेलणार होता तिचा हैबती. एकुलता एक मुलगा. पाळण्यात असताना देवीच्या आजारातून वाचला, तेव्हा तिने नवस बोलला होता की पोर हाताशी आला की तुझी काठी पेलेल आणि मी वाटेत पालथी पडेन. हैबती आता वाफ्यातल्या उसासारखा उंच झाला होता. महिनाभर तो परसात साधा बांबू घेऊन सराव करत होता आणि येणारा-जाणारा त्याला पाहून म्हणायचा की काठीला माणूस मिळाला.

यात्रेच्या दिवशी सकाळपासून वारा पडलेला होता. पान हलत नव्हतं. रावजीशेटना बरं वाटलं. वारा नाही म्हणजे आखूड दोरावर निभावून जाईल. दुपार कलली तशी हलगी वाजली आणि खिंडीच्या तोंडाशी कळस दिसला. रावजीशेट दुकानाच्या ओट्यावर उभे होते. समोर, रस्त्याच्या डाव्या अंगाला, नवसाच्या बायका एकीमागे एक पालथ्या पडल्या होत्या. सगळ्यांत पुढे गोदूबाई. तिचा हिरवा चुडा मातीत रुतलेला त्यांना तिथून दिसत होता.

काठी पेठेत शिरली. दोरकरी हाताला वेटोळे मारून हैबतीच्या अंगालगत चालत होते, त्यामुळे दोर जवळजवळ काठीला चिकटून उभे राहिले होते. असा दोर शोभेला बरा, धरायला कुचकामी. पण वारा नव्हता. काठी शिंप्याच्या कात्रीखालून निघाली, वहाणेच्या बाजूने निघाली. पेठेने श्वास सोडला. रावजीशेटच्या मनात आलं, उगाच घाबरलो.

तेवढ्यात खिंड घुमली.

तांबेखिंडीत राहणाऱ्याला हा आवाज वेगळा सांगावा लागत नाही. चैत्रातली वावटळ खिंडीत कोंडते आणि मग एकदम पेठेत सुटते. धूळ उठली, टोप्या उडाल्या, पाट्या करकरल्या. निशाण फडाडून ताठ झालं आणि काठी डावीकडे पुढे झुकली, बायका पालथ्या पडल्या होत्या नेमकी त्या अंगाला.

"दोर सोडा! मागं सरा, मागं!" कुणीतरी ओरडलं. उजव्या दोरावर भिवा कोष्टी होता, जुना, मुरलेला दोरकरी. त्याने जे करायला हवं तेच केलं. हातावरचे वेटोळे भराभर सोडले आणि दोर लांब करण्यासाठी तो उलटा पळत रावजीशेटच्या ओट्याकडे आला. दोर लांब झाला, वर उडाला आणि घंगाळाच्या लोखंडी दांड्यावर जाऊन पडला. भिवाने ताणला तसा तो दांड्याच्या बुडाकडे सरकला आणि साखळी मागे अडकवलेल्या आकड्यात, कडीखाली, पाचरीसारखा घट्ट बसला.

आता भिवा जीव खाऊन ओढत होता आणि त्याची ओढ दांड्याला बसत होती. काठीपर्यंत तिचा मागमूसही पोचत नव्हता. काठी झुकलेली, तशीच अडकलेली. मागचा दोर एकटा कुरकुरत होता. वाऱ्याचा प्रत्येक झोत तिला आणखी खाली आणत होता.

हैबतीच्या मानेच्या शिरा टरारून फुगल्या. नजर कळसावर. "भिवाकाका, ताणा की! भिवाकाका, दोर ढिला पडलाय!"

बायकांना कुणीतरी ओरडून उठवत होतं, पण हलगीच्या आणि वाऱ्याच्या आवाजात ऐकतंय कोण? आणि ऐकलं तरी नवसाची बाई उठते थोडीच! रावजीशेट ओट्याच्या कडेला धावले. ते किंचाळले, "हैबती, सोड! काठी सोड आन बाजूला हो लेका!"

त्याने सोडली असती तर तो वाचला असता. पण काठी त्याच्या आईच्या पाठीवर आली असती, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याला एवढंच ठाऊक होतं की काठी सोडायची नसते. त्याने गुडघे वाकवले, पाय रोवले आणि तो तसाच उभा राहिला.

त्या क्षणी रावजीशेटना सगळं एकदम दिसलं, असं सांगतात. दोर आखूड कुणी केले, दांडा कुणी काढला, घंगाळ कुणाचं. दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवायला जागाच नव्हती. ते वळले, दुकानातली तांबं कापायची कातर उचलली आणि खांबाला धरून पडवीच्या कौलांवर चढले. साठीच्या जवळ आलेला, पोट सुटलेला माणूस. कौलं फुटत होती, पाय घसरत होता. ते वळचणीच्या कडेला, दांड्याच्या बुडाशी पोचले.

दोर नुसता कापला असता तर काठीकडचं टोक मोकळं सुटून काठी तिथेच पडली असती. हाताने ओढून पाहिला, हलेना. मग त्यांनी काठीच्या बाजूचा दोर पंजाभोवती एक, दोन, तीन फेरे गुंडाळला आणि मूठ आवळली. कातर आकड्यापाशी लावली. खाली भिवाला त्यांनी हाक मारली.

"भिवा! मला धरायला ये. आन पोराला सांगू नगंस. त्यानं वरच बघायचं."

कातर मिटली. दोर तुटला. काठी हललीही असेल नसेल तोवर रावजीशेटनी वळचणीवरून खाली उडी घेतली.

सगळ्या अंगाचा भार त्या दोरावर आला. शेंडा गचका खाऊन उजवीकडे आला, थरथरला आणि सरळ उभा राहिला. रावजीशेट ओट्याच्या दगडी पायरीवर आपटले. पाय आणि पाठीचा कणा मोडल्याचा आवाज भिवाने ऐकला. पण वर गेलेला हात खाली आला नाही. दोर ताणलेला होता.

"बास! बास, भिवाकाका!" हैबती वर बघत ओरडला. त्याच्या आवाजात हसू होतं. "आता आस्साच धरा. चाललो मी."

भिवाने रावजीशेटना मागून काखेत हात घालून उचललं. दुसऱ्या एकाने कंबर धरली. दोर आपल्या हातात घ्यायचा त्यांनी प्रयत्न केला, पण मूठ उघडेना. दोर मांसात रुतला होता. काठी चालू लागली होती आणि थांबवली तर पुन्हा डगमगणार होती. तेव्हा ते त्यांना तसेच उचलून, काठीच्या चालीने, उजव्या अंगाला नेऊ लागले. हैबतीने पहिली बाई ओलांडली. ती उठून बसली, डोळ्यांतली धूळ पुसली, आणि नवऱ्याचे लोंबणारे पाय तिला दिसले. तिच्या तोंडून हाक निघणार एवढ्यात भिवाने मान हलवली. गोदूबाईने पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि ती उठून नवऱ्याच्या बाजूने चालू लागली.

पेठेला सगळं कळलं होतं. हलगीवाल्यांनाही कळलं होतं, पण हलगी थांबली तर पोराला संशय येईल म्हणून ते रडत रडत वाजवत राहिले म्हणे. एकटा हैबती खुशीत होता. मधूनमधून तो विचारायचा, "भिवाकाका, दोर धरलाय न्हवं?"

आणि रावजीशेटना काखेत धरून चालणारा भिवा उत्तर द्यायचा, "धरलाय. चल."

काही जण म्हणतात, पेठ संपायच्या आधीच रावजीशेटची मान कलली होती. काही म्हणतात, देवळाच्या पायरीपर्यंत त्यांचे ओठ हलत होते. एवढं मात्र सगळे एका तोंडाने सांगतात की काठी उखळात बसेपर्यंत तो दोर तसूभरही ढिला पडला नाही.

काठी उखळात बसली. गुरवाने पाचर ठोकली. हैबतीने पट्टा सोडला, दुखरी मान चोळत पहिल्यांदा नजर खाली आणली आणि तो भिवाकाकाच्या पाया पडायला उजवीकडे वळला.

तिथे त्याने काय पाहिलं ते पतंगेकाका सांगत नाहीत. ते एवढंच सांगतात की ती मूठ शेवटी त्यानेच उघडली, एकेक बोट करून. भिवा म्हणत होता, "पोरा, त्येंनीच सांगू नगं म्हनून सांगितलं." आणि हैबती बापाचा तळहात आपल्या तोंडाशी धरून म्हणत होता, "आबा, मी तुमास्नी भिवाकाका म्हनत हुतो. अख्ख्या पेठंत भिवाकाका म्हनत हुतो."

त्या संध्याकाळी कुणीही हुकूम न काढता पेठेतल्या पाट्या उतरल्या. कापडवाल्याने शिडी आणली आणि फलक स्वतः खाली घेतला. घंगाळ हैबतीने उतरवलं. सुतक फिटल्यावर नगरपालिकेची सभा भरली. अध्यक्षांची जागा रिकामी ठेवून सभासद जमिनीवर बसले. ठराव एका ओळीचा झाला. यात्रेचे दोर पुरे लांब सोडावेत, आणि दोराला जे लागेल ते काढावं. मग भिवा कोष्टी उठला. जन्मात पहिल्यांदा त्याने सभेत तोंड उघडलं. तो म्हणाला, पुढेमागे कुणीतरी पाटी बाहेर काढायची परवानगी परत मागायला येईलच, माणसाची जात आहे. आला तर त्याला नाही म्हणू नका. त्याला एक वर्ष उजवा दोर धरू द्या आणि मग पाटी किती बाहेर काढायची ते त्यालाच ठरवू द्या. ठरावात हेही लिहिलं गेलं.

संस्थान गेलं, राज्य बदललं, नगरपालिकेचे नियम छापून आले, किती फूट, किती इंच. तांबेखिंडीच्या लोकांनी ते नियम फाइलीला लावले आणि आपला ठराव चालू ठेवला. आजही रस्त्यावर पाटी काढायची ज्याला हौस असते त्याचा अर्ज नगरपालिका नाकारत नाही, यात्रेपर्यंत ठेवून घेते. यात्रेच्या दिवशी त्याच्या हाताला उजवा दोर गुंडाळला जातो. करड्यांच्या जुन्या दुकानापाशी काठी आली की हलगी थांबते आणि काठीवाला वर बघतच विचारतो, "दोर धरलाय न्हवं?" काठीवाला कुणाचा तरी मुलगा असतोच. समोर कुणाची तरी आई पालथी पडलेली असतेच. उत्तर त्या अर्जदाराने द्यायचं असतं.

दोन वर्षांमागे प्रसन्न नावाचा एक तरुण पेठेत मोबाइलचं दुकान घेऊन आला. हुशार, बोलका. दिव्यांचा मोठा बोर्ड त्याने करूनच आणला होता, रस्त्याच्या मध्यापर्यंत येईल असा. असल्या जुन्या गोष्टींवर शहर चालतं का, असं त्याने पतंगेकाकांनाच विचारलं होतं. काकांनी त्याला अर्ज करायला सांगितलं. त्या चैत्रात त्याने उजवा दोर धरला. त्या दिवशी वारा होता.

संध्याकाळी बोर्ड बसवणारा माणूस शिडी घेऊन त्याच्या दुकानापाशी आला. प्रसन्न पायरीवर बसला होता, दोराने सोललेले तळहात मांडीवर उताणे ठेवून.

"साहेब, दांडा किती बाहेर घेऊ?" त्याने विचारलं.

प्रसन्नने वर न बघता सांगितलं, "भिंतीला लाव."